पदकाच्या कडेवरचे नाव



द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकत आली आहे, उन्हाळ कांद्याची रोपे टाकायची लगबग आहे. अशा वेळी भुरी-डावणीवर लिहायचे सोडून मी या सदरात लष्करी पदकांवर लिहायला बसलो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण त्याचे कारण याच दिवसांत आहे. दिवाळीपूर्वीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली येतात. मोडके कुलूप, फुटकी समई, गंजलेले कुदळीचे पाते असा ढीग दारात लागतो आणि भंगारवाल्याची आरोळी ऐकू येते. त्या ढिगात एखादे काळवंडलेले पदकही निघून जाते. आपल्याकडे त्याला बिल्ला म्हणतात. बिल्ला गेला, हे घरात कोणाला कळतही नाही.

विस्तार अधिकारी म्हणून माझे निम्मे आयुष्य लोकांच्या ओट्यांवर गेले. सातबारा शोधताना पेटीतून पदक निघाले, असे कितीदा तरी झाले आहे. कोठे ते देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी हळदकुंकू लावून ठेवलेले असते, कोठे पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधलेले असते, तर कोठे लहान मुलाच्या गळ्यात खेळणे म्हणून असते. कोणाचे, म्हणून विचारावे तर उत्तर येते, "आज्याचं. बसऱ्याच्या लढाईला गेला व्हता." त्यापुढे माहिती संपते. आणखी एक पिढी गेली की एवढे सांगणारेही कोणी उरणार नाही.

म्हणून आज पदके जमवण्याच्या छंदाविषयी लिहितो. हा छंद पैसेवाल्यांचा, असा समज आहे. लिलावात हजारो-लाखो रुपये मोजणारे संग्राहक आहेत, हे खरे. व्हिक्टोरिया क्रॉससारखे पदक तर आज कोट्यवधी रुपयांना जाते. पण पैसे न घालता करता येणारी या छंदाची एक रीत आहे आणि ती खेड्यात अधिक चांगली साधते. शहरातल्या संग्राहकाकडे पदक असते, पण ते ज्याचे त्याचे घर, त्याची माणसे, त्याची गोष्ट त्याच्यापाशी नसते. आपल्याकडे घर आहे, माणसे आहेत, गोष्टही अर्धीमुर्धी आहे. गावाचा संग्रह गावातच आहे, फक्त तो घराघरांत विखुरलेला आहे. तो एकट्याने जमवण्याचा नाही, सगळ्यांनी मिळून जुळवण्याचा आहे.

कडा वाचायला शिका

पदक हातात घेतल्यावर आपण राजाचे तोंड पाहतो, मागचे चित्र पाहतो. जाणकार प्रथम कडा पाहतो. पदक उजेडात आडवे धरून हळूहळू फिरवा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे ठोकलेली दिसतील. त्यात सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. ताऱ्याच्या आकाराचे पदक असेल तर हा मजकूर पाठीमागे असतो.

पहिल्या महायुद्धाची पदके अशी नावानिशी दिलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळालेली पदके कोरी होती, पण हिंदी सैनिकांची नावे मात्र पदकांवर घातली गेली. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या सैन्याच्या पदकांच्या कडेवरही नंबर, हुद्दा आणि नाव असते. तेव्हा बिल्ला कोणाचा, हा वाद बहुतेक वेळा बिल्लाच मिटवतो.

अक्षरे लागत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला बसवा. डोळे त्यांचे आणि आठवण आजीची, अशी जोडी लागते. एक गोष्ट ध्यानात ठेवा. नावे इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. आडनाव कधी मोडलेले असते, कधी नसतेच. गावाचे नाव तर पदकावर नसते. एकाच पलटणीत चार गणपत शिंदे असू शकतात. म्हणून नावापेक्षा नंबर मोलाचा. गट नंबरावरून जशी जमीन ओळखावी, तसा नंबरावरून शिपाई ओळखावा.

पलटणीचे नावही बारकाईने उतरवा. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या होत्या. पुढे १९२२ च्या सुमारास त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. तेव्हा कडेवर '११०' आणि 'मराठा' अशी अक्षरे असली तर तो माणूस पहिल्या महायुद्धातला. यातील १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी आजच्या इराकमधील कुत येथे वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने त्यांनी उपासमार सोसली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. आज्याची 'बसऱ्याची लढाई' ती हीच असण्याचा संभव आहे. बसरा हे त्या मोहिमेचे बंदर होते.

कडेवर १११ महार अशी अक्षरे असतील तर ती वस्तू फार जपा. ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. इतक्या थोड्या आयुष्याच्या पलटणीची पदके थोडीच असणार. पुढे १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती वेगळी.

चांदीचे, तांब्याचे आणि मोठ्या थाळीचे

पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी लोक लष्करी कामावर गेले आणि ७४ हजारांहून अधिक परत आले नाहीत. आपल्या भागात सापडणारी जुनी पदके बहुधा याच युद्धाची असतात. त्यांत तीन प्रमुख. पहिला, '१९१४-१५' असे लिहिलेला काशाचा तारा. दुसरे, चांदीचे गोल युद्धपदक. त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहा आणि दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला उघडा पुरुष असतो. वजन सुमारे पावणेतीन तोळे. तिसरे, काशाचे विजयपदक. त्यावर पंख असलेली बाई आहे आणि फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची.

चांदीचे पदक सराफाच्या मुशीत सर्वांत आधी गेले. हे आपल्याकडेच झाले असे नाही. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव जगभर आभाळाला भिडला, तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये ही पदके ढिगांनी वितळवली गेली. पण याच पदकाचा एक तांबूस भाऊ आहे. चित्र तेच, धातू मात्र काशाचा. तो लढणाऱ्या शिपायांना नव्हता. हमाल, खेचरवाले, मजूर पलटणीतले लोक यांना तो मिळाला. सराफ त्याला हात लावत नाही, म्हणून घरचेही किंमत देत नाहीत. जाणकार मात्र तोच शोधत फिरतात, कारण तो चांदीच्यापेक्षा दुर्मिळ आहे. तोफेला पाणी आणि दाणागोटा पोचवणाऱ्या आपल्या माणसाची तेवढीच खूण जगात उरली आहे.

याखेरीज एखाद्या घरी सुमारे पाच इंच रुंदीची काशाची जड थाळी दिसते. तिच्यावर एक उभी स्त्री आणि सिंह असतो आणि चौकटीत एकच नाव असते, हुद्दा नसतो. एका घरी ही थाळी तुपाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेली मी पाहिली आहे. ती साधी थाळी नाही. पहिल्या महायुद्धात जो मेला, त्याच्या घरी ती पाठवली जात असे. हुद्दा घातला नाही, तो मरणात सगळे सारखे म्हणून. घरात अशी थाळी असेल तर समजा की तुमच्या वाड्यातला कोणी परत आलेला नाही.

फीत वाट सांगते

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर गेले. त्या युद्धाचे सहा टोकांचे पिवळसर तारे पुष्कळ घरी आहेत. धातूवरून ते सारखेच दिसतात, फीत पाहिली की वाट कळते. वाळूच्या रंगाची फीत आणि मध्ये लाल पट्टा, तो आफ्रिकेचा तारा. लाल-पांढरी-हिरवी फीत इटलीची, कारण ते त्या देशाच्या झेंड्याचे रंग. मध्ये रुंद लाल आणि बाजूंना निळे-नारिंगी पट्टे, तो ब्रह्मदेशाचा. फितींचा क्रम लावला की आजोबा कोणत्या बंदरातून कोठे गेले, हे घरबसल्या नकाशावर रेघ मारून दाखवता येते.

या इटलीच्या वाटेवर आपल्या शेजारचाच एक शेतकरी होता. नाशिक जिल्ह्याची हद्द ओलांडली की संगमनेर तालुका लागतो. तेथील निमजचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर हल्ला झाला. त्यांनी जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, तीव्र चढणीच्या बंधाऱ्यावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब टाकून शत्रूच्या मशिनगनचे दोन मोर्चे बंद पाडले आणि बंधाऱ्यावर उभे राहून पलटणीची आरोळी दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी इटलीतच कोकणातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच मान मिळाला. माणगावला त्यांचे स्मारक आहे.

स्वातंत्र्यानंतर आपली स्वतःची पदके आली. परमवीर चक्राचे चित्र काढणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर या जन्माने स्वित्झर्लंडच्या, पण विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. काशाच्या त्या चक्रावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा आहेत. दधीची ऋषींनी आपली हाडे दिली आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा आपल्या आजीबाईंना पाठ आहे. कारवारकडचे रामा राघोबा राणे यांना एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरील सुरुंग आणि अडथळे काढण्याच्या पराक्रमासाठी हे पदक मिळाले आणि ते स्वतः ते घ्यायला हयात होते.

पण वाचकहो, शौर्यपदके मोजक्या घरांत असतात. १९६५ चे रक्षा पदक, १९७१ चा पश्चिमी किंवा पूर्वी तारा, संग्राम पदक, सैन्य सेवा पदक ही मात्र पुष्कळ घरी आहेत. 'त्यात काय, ते सगळ्यांना मिळाले,' असे म्हणून ती ट्रंकेच्या तळाशी जातात. सगळ्यांना मिळाले म्हणजे सगळे गेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

वाटणीत पदके तोडू नका

आता मुख्य मुद्दा. जमिनीचे तुकडे पडले की शेती परवडत नाही, म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. पदकांना असा कायदा नाही. बाप गेला की तीन भावांत तीन पदके वाटली जातात आणि सगळ्यांच्याच हाती काही राहत नाही.

गोदाकाठच्या एका गावातली हकीगत सांगतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, चोरट्याला पत्ता कशाला द्यावा? पहिल्या महायुद्धाला गेलेल्या एका शिपायाची तीन पदके त्याच्या तीन मुलांत वाटली गेली. थोरल्याला चांदीचे आले, म्हणून धाकटे दोघे कित्येक वर्षे रुसून होते. बहात्तरच्या दुष्काळात थोरल्याने ते सराफाला वजनावर दिले आणि बैलांना कडबा आणला. बैल जगले. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण पदक विकताना कडेवरचा नंबर कोणी उतरवून घेतला नव्हता.

गेल्या काही वर्षांत या गावात एक निवृत्त हवालदार, प्राथमिक शाळेच्या एक बाई आणि दोन तरुण बागाईतदार यांनी मिळून घरोघरची पदके पाहण्याचा छंद धरला. धाकट्या दोघांच्या घरचा तारा आणि विजयपदक त्यांनी प्रथमच एका टेबलावर ठेवले. दोन्हींवर नंबर एकच निघाला. पिढ्यान् पिढ्या वेगळ्या चुलींची माणसे त्या नंबरावर वाकून पाहत होती. मग त्यांनी एक लाकडी चौकट केली. दोन पदके लावली आणि मध्ये तिसऱ्याची जागा रिकामी सोडली. खाली लिहिले : 'चांदीचे युद्धपदक. १९७२ च्या दुष्काळात बैलांच्या चाऱ्यासाठी विकले.' माझ्या मते ही रिकामी जागाही त्या संग्रहाचा भाग आहे. एका युद्धाचा आणि एका दुष्काळाचा इतिहास त्या एका चौकटीत आला.

एकत्र राहण्याचे मोल किती, याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १९०६ साली जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी होती, क्षत्रप राजा नहपान याची. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला जिंकले, हे त्या ठशांनी सांगितले. सुटे एखादे नाणे सापडते तर ती एक गंमत ठरली असती. सगळी एकत्र तपासता आली, म्हणून इतिहास बोलला. नाण्यांच्या अभ्यासाची संस्थाही नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना मुलांना तेथील संग्रहालय जरूर दाखवा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाची सहलही शाळांनी काढण्यासारखी आहे.

तेव्हा पदकांची वाटणी करू नका. कुलदैवताचे टाक मूळ घरी राहतात आणि सगळे भाऊ तेथे जातात, तसे करा. किंवा दर दिवाळीला एकेका भावाच्या घरी संच ठेवा. पाळी ठरवून घ्या आणि वहीत सही करा.

गावाची वही

छंद सुरू करायला भांडवल लागत नाही. एक जाड रजिस्टर, एक भिंग आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे. पद्धत अशी :

१. पदक मालकाच्या घरीच पाहा. ते मागून नेऊ नका. विश्वास गेला की छंद संपला.

२. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या. कडेची अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवा. चूक दिसली तरी दुरुस्त करू नका.

३. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. पुरुषांना लढाई आठवते, बायांना पत्र कधी आले, मनिऑर्डर कधी थांबली, हे आठवते. पुष्कळदा त्यावरूनच साल सापडते.

४. जुना फोटो, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पत्र, काहीही असेल तर त्याचा फोटो पदकाच्या नोंदीला जोडा.

५. ऐकीव आणि कागदी माहिती वेगळ्या रकान्यांत लिहा. 'घरचे सांगतात' आणि 'कागदावर आहे' असे दोन रकाने हवेत.

६. मेलेल्या सैनिकांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. इराकातल्या मोहिमेत मेलेल्यांची स्मृती बसरा स्मारकात आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. गावातील कॉलेजच्या मुलांना हे काम द्या.

७. चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत महायुद्धाची संगमरवरी पाटी असेल तर तिची नोंद आधी करा. या गावातून इतके गेले, त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यावर असतो. नावे नसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, म्हणून ते गाव आजही 'मिलिटरी अपशिंगे' म्हणवते. तुमच्या पाटीवरच्या आकड्याला नावे मिळवून देणे, याहून मोठा संग्रह कोणता?

जपणूक : हे करू नका

इथे माझ्यातला शेतकी पदवीधर जागा होतो. आपल्या घरांत पदकांना जे शत्रू आहेत ते शहरात नाहीत.

द्राक्षवाल्यांच्या घरात भुरीसाठी गंधक असते. गंधक आणि चांदी यांचे हाडवैर आहे. त्याच खोलीत पदक ठेवले की काळे पडते. युरियाच्या ओलसर गोणीतून अमोनिया सुटतो, तो तांबे, पितळ आणि काशाला हिरवे करतो. तेव्हा औषधे-खतांच्या खोलीत पदक नकोच. रबराची गुंडाळी आणि लोकरी कापड यांतही गंधक असते. मऊ, चिकट प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या धातूवर हिरवा लिबलिबीत थर येतो.

देव्हाऱ्यात पदक ठेवा, पण पंचामृताचे स्नान घालू नका. दही आंबट असते. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. आपण म्हणतो लखलखीत झाले, पण प्रत्येक घासणीबरोबर कडेवरचे नाव थोडे झिजते. दहा दिवाळ्या घासलेल्या पदकावर नंबर वाचता येत नाही, तो असा जातो. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, बस्स. फीत धुऊ नका, रंग उतरतो. विरली असेल तर नवी लावा, पण जुनी टाकू नका. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या मलमलीत गुंडाळून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. बियाणे जसे ठेवता तसेच समजा.

विकायची वेळ आली तर

एका वाचकाने स्पष्ट विचारले आहे : "साहेब, इतिहास ठीक आहे, पण मुलीच्या दवाखान्याला पैसे हवेत. पदक विकावे का?" गरज ही गरज आहे. दवाखाना अडला असताना पदक जपा, असे मी सांगणार नाही. पण ज्याला विकायचे त्याने चार गोष्टी कराव्यात.

पहिली, वजनावर विकू नये. धातूचा भाव आणि पदकाचा भाव यांचा संबंध नाही. दुसरी, संच फोडू नये. सुट्या पदकांची बेरीज संचाइतकी होत नाही आणि कागद-फोटो बरोबर असले तर किंमत आणखी वाढते. तिसरी, आधी भाऊबंदांना, मग त्या पलटणीच्या संग्रहालयाला विचारावे. घाईने दारावर आलेल्या माणसाला देऊ नये. चौथी, देण्यापूर्वी फोटो, नंबर आणि घेणाऱ्याची सहीची पावती घरी ठेवावी. पुढे नातवाला ते परत मिळवायचे झाले तर वाट राहील.

घेणाऱ्यांनाही सांगतो. बाजारात नकला पुष्कळ आहेत. ओतीव नक्कल खऱ्यापेक्षा किंचित लहान आणि बारकावे बोथट असलेली असते. कडेवर कानशीचे ओरखडे असतील तर जुने नाव घासून नवे घातले आहे, असे समजावे. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी दुसऱ्याचे चिन्ह छातीवर लावणे हाही गुन्हा आहे. घरच्या माणसाने आजोबांच्या आठवणीसाठी लावायचे तर उजव्या छातीवर लावण्याची रीत आहे. डावी छाती ज्याने मिळवले त्याची.

माजी सैनिकांच्या कुटुंबांना एक व्यवहाराची सूचना. शौर्यपदक मिळवणाऱ्यास केंद्र सरकारचा मासिक भत्ता असतो आणि त्याच्या पश्चात तो पत्नीकडे चालू राहतो. तुमच्या घरी असे पदक असून भत्ता येत नसेल, किंवा मिळायचे पदक कधी आलेच नसेल, तर डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पुढची वाट पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसची आहे आणि तेथे पहिला प्रश्न नंबराचाच येतो.

हे सगळे एका दिवसात होणार नाही. या दिवाळीत एवढेच करा. भाऊबीजेला सगळी भावंडे जमतील, तेव्हा ट्रंक उघडा, बिल्ला काढा, कडेवरचा नंबर वहीत लिहा आणि खाली आजीच्या तोंडचे चार शब्द लिहा. आजी आहे तोवर हे काम आहे. वही पुढच्या वर्षी भरेल.

पुढील अंकी : उन्हाळ कांद्याच्या रोपवाटिकेतील मर आणि तिचा बंदोबस्त.